पंथ ठरेपर्यंत

(कुंभवलीजवळचं भातशेत, आषाढ. चिखलातून तीर्थंकरांची दगडी मूर्ती छातीपासून वर दिसते. शेताभोवती सरकारी साहेबांनी लावलेली फीत. दिग्विजय कारखान्यात सुपरवायझर, दिगंबर. हेमालीबेन बोईसरच्या दुकानदार, श्वेतांबर. शेत नवसीचं.)

दिग्विजय : डोळे बसवलेले आहेत, म्हणजे मूर्ती तुमची. मिटलं, हेमालीबेन. साहेबांना तसं कळवतो.

हेमाली : जय जिनेंद्र. मी पेढे मागवते.

दिग्विजय : थांबा. ह्यो डोळा हाताला चिकटतोय.

हेमाली : हवा दमट आहे.

दिग्विजय : मघाशी मी काही बोललो नाही.

हेमाली : बोललात. मूर्ती तुमची, म्हणालात.

दिग्विजय : मी आत्ताच येतोय. नमस्कार. तुम्ही कधी आलात?

हेमाली : दिग्विजयभाई, नवसीने ऐकलंय.

नवसी : मी आठ दिस इचारते हाय, भाताची आवणी कवा करू. त्याचं कोन बोललं तर ऐकू येल.

दिग्विजय : नवसीबाई, तुमच्या पोरानं, जिवल्यानं, मला कारखान्यात फोटो दाखवला, त्यात डोळे होते का? नव्हते. आज काचेचे, बुबुळासकट.

हेमाली : आमच्यात प्रभूंना डोळ्यांशिवाय ठेवत नाहीत.

दिग्विजय : आमच्यात नजर खाली असते, ध्यानातली. तुम्ही त्यांना त्या कारखान्याच्या चिमणीकडं टक लावून बघायला बसवलंय.

हेमाली : मग काढा.

दिग्विजय : काढले तर पुरावा मी बिघडवला म्हणाल.

हेमाली : म्हणेनच. फोटोपण काढीन.

नवसी : दादा, रोपं गुडघ्याला आली. आता नाय लावली तर वरसाचा भात गेला आमचा.

दिग्विजय : पंथ ठरल्याशिवाय फीत निघत नाही, मावशी. साहेबांच्या फॉर्मात दोनच रकाने आहेत.

नवसी : ठरवा मंग.

हेमाली : वर काढली की कळेल. बैठकीवर लंगोटाची खूण असली तर आमची.

दिग्विजय : नसली तर आमची. पण काढायची कुणी? तुमच्या माणसानं काढली की खूण येणारच. डिंक आहे की तुमच्याकडं.

हेमाली : आणि तुमच्या माणसाने काढली की घासून येणार.

नवसी : खाली काय हाय, मी सांगू?

हेमाली : तुला कसं माहीत?

नवसी : दर साल आवणीच्या आदी आमी देवाभवतीचा चिखल हातानं काढतो, मंग तांदूळ वाहतो. आदी सासू काढायची, आता मी. माजा हात खालून पार फिरतो. बेंबीखाली दगडच नाय. तुटलेला हाय.

दिग्विजय : म्हणजे अर्धीच?

नवसी : अर्धीच. लिवा तसं. फीत काढा.

हेमाली : दिग्विजयभाई, खंडित मूर्ती आमच्यात पूजेला…

दिग्विजय : आमच्यातबी चालत नाही.

हेमाली : आमच्या संघाने देरासरची, नव्या मंदिराची, जागा बघितलीय.

दिग्विजय : आमच्या सांगलीहून दर्शनाला तीन बस निघाल्यात.

हेमाली : ही बोलली ते तुम्ही साहेबांना सांगणार?

दिग्विजय : नाही. तुम्ही?

हेमाली : नाही.

दिग्विजय : बघा की. दोन्ही पंथांचं एकमत झालं.

नवसी : मंग खोदणार कवा?

हेमाली : आता नाही खोदणार कोणी.

नवसी : आन माजी रोपं?

दिग्विजय : थोडं थांबा, मावशी. हवं तर तुमच्या नावानं अर्ज करू. माझं अक्षर चांगलं आहे.

नवसी : लिवा. रोपांना थांबवा म्हनावं.

दिग्विजय : असं कसं लिहू?

नवसी : फीत लावून सायबानं मला थांबवलं. तुमी दोघं बी थांबा सांगता. रोपांना अजून कुनी सांगलं नाय. लिवा, मी अंगठा देते.

दिग्विजय : ‘सबब, मूर्तीचा पंथ निश्चित होईपर्यंत अर्जदाराच्या शेतातील भाताच्या रोपांची वाढ आहे त्या उंचीवर स्थगित ठेवण्याचे आदेश व्हावेत, ही नम्र विनंती.’