कॅसेटमधला उखाणा

ताऱ्यांचे संदेश टिपणाऱ्या मोठाल्या अँटेनांच्या खोडद गावातले केरूजी, केरूजींचे धर्माजी, धर्माजींचे किसनराव, किसनरावांचे सुदर्शन. घराण्यातल्या पुरुषाने चारचौघांत बायकोचे नाव घेतल्याचे कुणाच्या ऐकिवात नव्हते. सुदर्शन मात्र म्हणत, आपण लग्नात घेतले होते. अखेर त्यांच्या पत्नी आरतीबाई लग्नाची व्हिडिओ कॅसेट सीडीवर उतरवायला त्यांच्यासह मंचरला तालिबच्या स्टुडिओत आल्या.

“तालिबभाऊ, सीडीवर उखाणा तेवढा येऊ द्या.”

“लई बुरशी व्हती, वहिनी. पट्टी हातानं पुसलीय. बघा, आलं चित्र.”

“अगं बाई! हे तर नाव न घेताच जिलबी खात्यात!”

“आवाज गेला आसंल, राव,” सुदर्शन घाईने म्हणाले.

“आवाज खणखणीत हाय, पावणं. समदी वरडत्यात, नाव घ्या!”

“धा वर्सं फशिवलंत! देणं फेडा, हितंच.”

“एवढ्या गिऱ्हाइकांत?”

“लग्नात काय कमी मानसं व्हती?”

सुदर्शन उठले, टोपी सारखी केली, घसा खाकरला.

“खोडदच्या अँटेनाला ऐकू येत्यात तारे, आरतीचं नाव घेतो, कान द्या सारे!”