माजघरातला ओढा

आमचे हे आज इतक्या निष्ठेने एकादशी करतात ना, त्याचं पुण्य खरं तर माशांचं आहे. हसू नका, ऐका.

लग्न होऊन मुळशीला गेले आणि पहिल्याच चातुर्मासात नेम धरला, माशांना कणीक घातल्याशिवाय जेवायचं नाही. पण तिथला पाऊस! धरणाच्या काठी पाय ठरेना. मग ह्यांनी पुण्याहून काचेची पेटी आणली आणि धरणातले चार मासे, थोडं शेवाळ घालून माजघरात ठेवली. तिथे दिवसाही अंधार. आठवड्यात शेवाळ कुजलं, पाणी गढूळलं, मासे वर येऊन तोंडं उघडू लागले.

शेजारच्या ठकूबाई म्हणाल्या, "वैनी, सोडा त्यास्नी. उगा पाप लागंल."

सोडले तर नेम मोडणार, ठेवले तर जीव जाणार!

हे म्हणाले, "कार्तिकीपर्यंत एक जरी जगला, तर मी जन्मभर एकादशी करीन."

मला घरामागचा ओढा आठवला. दाट झाडीत ऊन शिरत नाही, तरी दगड हिरवेगार. तेच दगड, त्यांना चिकटून वाढलेल्या नेच्यांच्या रोपांसकट, उचलून आणले, तळाला ओढ्यातलीच वाळू घातली, पाणी बदललं. उरलेली कणीकही पाणी नासवते, म्हणून गोळी मोहरीएवढी केली. नेमात आकार कुठे सांगितलाय?

पाणी निवळलं. अंधारात हिरवा ओढाच नांदू लागला.

कार्तिकीच्या सकाळी ठकूबाई पेटीत डोकावून ओरडल्या, "अवं वैनी, हितं पिल्लं हायेत! लई हायेत!"

हे नुकतेच पोह्यांची बशी घेऊन बसले होते. मी बशी उचलली.

"एक जगला तर म्हणाला होतात ना? मोजा. तोवर साबुदाणा परतते."