चार महिन्यांचं अंतर

— नाही नाही, आता आत बसू नका, कोच, गाडी जॅकवर आहे. आणि जॅक माझ्यासारखाच आहे, त्याचं खरं वय कुणालाच माहीत नाही. तिकडे बाकावर बसा. कोच कसं ओळखलं? अहो, जाकिटावर एवढा थोरला रेडा छापलाय, गळ्यात शिट्टी लोंबतेय, आणि पोट बघून कळतंच की हा माणूस स्वतः पळत नाही, दुसऱ्यांना पळवतो. हसा की. चेष्टा केली. कॉफी घ्या. गाळ खाली बसू द्या आधी, घाई केलीत तर दातांत येतो.

दोन चाकं एकदम, हो. डावीकडचं पुढचं आणि डावीकडचं मागचं. स्टेपनी लावून जाल म्हणालात, पण स्टेपनी एक आणि चाकं दोन — आणि तुमची स्टेपनी बघितलीत का? म्हातारीच्या गालासारखी बसलीय. क्लबाकडे पोरांचे घोटे तपासायला डॉक्टर आहे, स्टेपनीत हवा भरायला माणूस नाही. खिळे का? रस्त्यावर खिळे पडतातच. लोक म्हणतात, पंक्चरवालेच टाकतात. लोकांच्या तोंडाला काय, हात लावता येतो थोडाच? हा बघा — छपराचा खिळा, डोकं केवढं रुंद. हा दुसराही तसलाच. ट्रकातून सांडले असतील.

पाच वाजता? बरं, मग वेळ आहे की. आत्ता कुठे सव्वातीन होतायत. सुंबरपेतेला जायचं ना तुम्हाला, वरच्या गावात? पोरगं घ्यायचं, बापाची सही घ्यायची, आणि पाचच्या आत दोन्ही शहरातल्या कचेरीत हजर. नाहीतर यादी बंद, आणि पंधरा वर्षांखालच्या संघाला स्ट्रायकर नाही. मला कसं माहीत? या रस्त्यावर कोण कशाला जातो ते पंक्चरवाल्याला माहीत असतं. शिवाय त्या घरी आज कोंबडी कापलीय. बापाने पांढरा शर्ट धुऊन तारेवर टाकलाय. एकच आहे त्याच्याकडे. लग्नात, मयताला आणि तुमच्यासमोर, तोच.

फोन करताय? करा. लागला नाही तर मेसेज टाका, मेसेज जातो इथून.

हां — हे पुढचं झालं. रबराची वात घातली, साबणाचं पाणी लावलं, बुडबुडा नाही. बसवतो. पाच नट. बसले. आता मागचं. घाई करू नका हो, परतीला उतार आहे, सात वळणं, खाली ओढ्याचा खडक — चाक नीट बसलेलं बरं.

तुम्ही मला ओळखलं नाहीत. नाही, खरंच नाही ओळखलंत, तुमचा चेहरा लपवत नाही. बरोबर आहे. तुम्ही पोरांकडे कधी चेहऱ्याने बघितलंय? मांड्या बघायचात. पहिल्या दिवशी माझी पोटरी दाबून बघितली होतीत, बाजारात फणस दाबतात तशी. म्हणालात, "हा पंधराचा आहे, पण हाडापेराने बारीक आहे. तेराचा खपेल." — खपेल! — आणि बाबा हसले होते. बाबांना वाटलं, कौतुक केलंत.

तेगार. हो, तोच. सात नंबर. उठू नका, कॉफी सांडेल.

आठवलं ना आता? मग हेही आठवत असेल — मैदानाला फेऱ्या, आणि प्रत्येक कोपऱ्याच्या झेंड्यापाशी तुमची शिट्टी. "जन्म?" आणि आम्ही पळता पळता ओरडायचं. "चौदा मार्च दोन हजार सहा!" जो चुकला, जो खरं साल बोलला, जो अडखळला, त्याला आणखी एक फेरी. सबंध क्लबाला दुसरं काही शिकवलं नसेल इतकं चोख ते शिकवलंत. चेंडू थांबवायला मी गावातच शिकलो होतो. तुमच्याकडे शिकलो ते फक्त जन्माला यायला. दोन वर्षं उशिरा. अजून कुणी पाठीमागून मोठ्याने विचारलं ना, तर तोंडातून दोन हजार सहाच निघतं. परवा दवाखान्यात निघालं. पाय शिवायला गेलो होतो, नर्स म्हणाली, जन्म? — आणि मी ताठ उभा राहिलो, एका पायावर.

दाखला तुमच्या युडीने करून आणला. तुमचा कारकून, तेल लावलेल्या केसांचा. गावच्या कचेरीत त्याचा मेहुणा. जुना दाखला "सांभाळून ठेवतो" म्हणून घेऊन गेला तो घेऊनच गेला. हुशार माणूस! दाखल्यावर आणि घरच्या कार्डावर, दोन्हीकडे माझं साल बदललं, दिवस-महिना तोच ठेवला, पोरगं गोंधळू नये म्हणून. फक्त एक गोष्ट त्या हुशाराने बघितली नाही. आमच्या कुटुंबाच्या कार्डावर माझ्या खाली एक ओळ होती. गालिह, धाकटा. नऊ जुलै दोन हजार सहा. म्हणजे काय झालं, कोच? मोजा ना बोटांवर. चौदा मार्चला मी आणि नऊ जुलैला तो. चार महिने! आईने मार्चमध्ये एक पोर काढलं आणि जुलैमध्ये दुसरं.

उपांत्य सामन्यात दोन गोल घातले मी. तिसरा तुम्ही खाल्लात — त्या दुसऱ्या संघाच्या मॅनेजरने तक्रार टाकली, सगळी कागदं टेबलावर आली, आणि त्याने खरंच बोटांवर मोजलं. सगळ्या खोलीला दाखवून. मग बाबांकडे वळून म्हणाला, "काय हो, बायको केली की मांजर पाळली?" अख्खी खोली हसली. तुम्हीसुद्धा. तोंडावर रुमाल धरलात, पण खांदे हलत होते तुमचे, मी मागे उभा होतो. बाबा मान खाली घालून टोपी फिरवत होते हातात. मग माझ्या मनगटाचा फोटो काढला, डॉक्टर म्हणाला हाड मोठं आहे. कितीचं, ते विचारलं तर म्हणाला, हाडावर तारीख नसते.

आणि तुम्ही हात वर केलेत. "खेडवळ माणसं, आम्हाला फसवलं." इतकं सहज म्हणालात की मलाच क्षणभर वाटलं, फसवलं असेल बुवा आम्ही. बाहेर येऊन मात्र बाबांच्या खांद्यावर हात. "सरनोभाऊ, तुम्ही लिहून द्या की दाखला तुम्हीच बदललात. एक वर्ष कळ काढा, पोराला मी स्वतः परत आणतो." एक वर्ष! तीन झाली. बाबांनी सही केली, कारण तुमचा शब्द — नाही. तुमच्या शब्दामुळे नाही. ते सही करत नव्हते. पेन तसंच धरून माझ्याकडे बघत होते. म्हणाले, "तेगार, तुझ्या आईचं नाव आहे रे यात. करू का?" — आणि मी... मला पुढच्या मोसमाचे बूट दिसत होते, कोच. नवे, हिरव्या तळाचे, युडीच्या टेबलाखाली खोक्यात. मी म्हणालो, करा ना बाबा, काय होतंय.

हे का सांगितलं मी तुम्हाला? जाऊ दे. पक्कड द्या ती. तुमच्या पायाशी आहे, ती.

शाळेने घेतलं नाही, दाखल्यावरचं वय आणि इयत्ता जुळेनात. बुटांचा कारखाना घेत नाही, अठरा पूर्ण लागतात. मी अठराचा आहे, दाढी येते मला, पण कागदावर सोळाचा. कोर्टात गेलो. तिथली बाई बरी होती. म्हणाली, तुझ्याकडे पुरावा काय? मी कुटुंबाचं कार्ड पुढे केलं. तिने वाचलं, आणि पहिल्यांदाच कुणी हसलं नाही. म्हणाली, हे चार महिन्यांचं अंतर, हाच तुझा पुरावा. यापेक्षा मोठा साक्षीदार नाही, कारण कुठल्याच बाईला असं मूल होत नाही. हे कार्ड जप. पुढच्या महिन्यात तारीख आहे माझी. कळलं का? ज्या चुकीपायी सगळ्यांनी आईला मांजर म्हटलं, तीच चूक तेवढी माझ्या बाजूने उभी आहे.

आणि तुमच्या फाइलीत काय आहे आज? मी सांगतो. गालिहचा नवा दाखला. नऊ जुलै दोन हजार आठ. त्याचीही दोन वर्षं काढलीत. आता कार्डावर बघा कसं शोभून दिसेल — थोरला दोन हजार सहा, धाकटा दोन हजार आठ. सव्वादोन वर्षांचं अंतर, घरंदाज. युडीची तीन वर्षांपूर्वीची चूक आज दुरुस्त. आणि मी जन्मभर कागदावर दोन वर्षं उशिराच जन्मलेला. माझ्या बापाच्याच सहीने. खुबी आहे तुमची, मानलं. केसाने गळा कापायचा तर असा.

म्हणून तुम्ही वर पोचणार नाही. साडेपाचला सोडतो तुम्हाला, निवांत. काय कराल? ओरडाल? ओरडा, समोर भातशेती आहे, बगळे ऐकतील. हो, मीच टाकले खिळे. दुपारपासून तीनदा टाकले आणि तीनदा वेचले, भाजीवालीची स्कूटर आली, मग शाळेची गाडी आली. तुमची पांढरी गाडी खालच्या वळणावर दिसली तेव्हा चौथ्यांदा टाकले. इतका सराव मी कॉर्नर किकचाही केला नव्हता. आणि गालिहची चिंता नको, तो माझ्या बाजूचा आहे. काल ओढ्यावर कपडे धूत होतो दोघं, तर म्हणाला, "दादा, तुझी तारीख होईपर्यंत मी कुणाच्याच गाडीत बसत नाही." आम्ही एका ताटात जेवलेले आहोत, कोच. तुम्हाला नाही कळायचं. तुमच्याकडे —

कोण येतंय वरून? ती मोपेड...

बाबा?

गालिहलाही मागे बसवून तुम्ही कशाला खाली आलात? कुणी सांगितलं, गाडी इथे बंद पडलीय म्हणून? — अच्छा. मेसेज. शाबास, कोच. मी बोलत होतो आणि तुम्ही अंगठा हलवत होतात. कोंबडीचा डबासुद्धा आणलाय. द्या, द्या त्यांना, उपाशी आहेत बिचारे. बाबा, त्यांनी दिलेली ती फाइल ठेवा बघू खाली. बाबा, मी काय सांगितलं होतं तुम्हाला? चार दिवस झाले घसा फोडून सांगतोय. — "आता याचं तरी होऊ दे"? म्हणजे माझं झालं? माझं काय ते होऊन गेलं? बाबा, तुम्ही आयुष्यात कधी कुणाला नाही म्हणालात का हो? एकदा? ज्याने सबंध खोलीसमोर तुमची लाज काढली, त्याच्या गाडीच्या टपावर कागद ठेवून सही करताय, आणि वर त्यालाच विचारताय, इथे करू की खाली? करा. कुठेही करा. तुमचं अक्षर सगळीकडे सारखंच वाकतं.

गालिह. इकडे ये. त्यांच्याकडे नको बघू, माझ्याकडे बघ. घाबरू नकोस. बाबांनी सही केली म्हणून काय झालं, तू नाही म्हण, संपलं. फक्त तुझी जन्मतारीख सांग यांना. खरी. मोठ्याने सांग, बाबांनाही ऐकू दे. बोल. जन्म?

...

परत सांग.

...

नऊ जुलै दोन हजार आठ. श्वाससुद्धा घेतला नाहीस रे. केव्हापासून घोकतोयस? महिना झाला? फोनवर? कालच्या ओढ्याच्या आधीपासून, म्हणजे. कुठल्या रंगाचे बूट दाखवले त्यांनी? नको, सांगू नकोस.

घ्या, मागचंही बसलं. गाडी खाली घेतो. सव्वाचार. पाचच्या आत आरामात पोचाल, उतारच आहे. बाबा, बाजूला व्हा, हात काळे आहेत माझे, शर्ट खराब होईल. नाही, मला नको कोंबडी.

गालिह, तू कुठे — तू मागे मोपेडवर बस, तू कशाला... पुढे बसलास? दार लावलंस?

थांबा.

चावी फिरवू नका! कोच, चावीवरचा हात काढा. काढा म्हणतो ना! पाना कुठे गेला — बाबा, तुमच्या पायाखाली आहे तो पाना, द्या इकडे. लवकर. काही झालेलं नाही, तू बस तिथेच, गालिह, हलू नकोस. पुढच्या चाकाचे नट मी नुसते बोटांनी फिरवले होते. पाचही. दुसऱ्या वळणापर्यंत टिकले असते, तिसऱ्यापर्यंत नाही. हा एक. गाडीत तुम्ही एकटेच असणार होतात. हे दोन. तीन. बघा ना, कसे सैल होते. चार. बाबा, आता का रडताय, रडायची वेळ तीन वर्षांपूर्वी होती. पाच. मागचे मी आत्ताच आवळलेत, पण परत बघतो. बसलेत. सगळे बसलेत.

काच वर घ्या, कोच. काय बघताय? तुमच्यासाठी नाही आवळले.

जा.