गाडीनं एअर धरली

—तसं नाई उघडत भाऊ ते दार, वरून दाबा अन् खालून पायानं हाना. हां, आत्ता उघडलं. मांगच्या शिटावर नोका बसू, कोंबडी अंड्यावर हाये, टोचन. चला, इकडं ओट्यावरच बसा. बुढा? बुढा कटिंगले गेला. ऐतवारीच केली होती, आज बुधवार, पुन्हा गेला. तुमचा फोन आला का तुमी धानोऱ्यात पोचले, तसा उठला, मले म्हणे, सत्यशीला, पाहुण्याले गाडी तूच दाखव, अन् येवढंच सांग का या इंजिननं उभ्या जल्मात कोणाले धोका देल्ला नाई. मी म्हणलं बरं. तं ते सांगून झालं माह्यं. त्याच्या वाटचं मी सांगतलं, आता माह्या वाटचं मी सांगतो—उद्या नागपूरले जाऊन म्हणाचे का बुढीनं फसवलं.

बाहेर उभी हाये ते तुमची गाडी ना? नवी कोरी, आरशावानी. तिचाच पिवळा दिवा लागला म्हणता, अन् मंग पळेच नाई? चालते, पण बैलबंडीवानी चालते—मालूम हाये मले. आरोग्य केंद्रावर आली होती तशी, बुढ्याच्या डायवरच्या नोकरीच्या शेवटच्या चार वर्सात. कोण्या वायरच्या टोकाले थोडासा चिखल लागला—शेंसर म्हंतेत ना त्याले—का तिच्या मनानं घेतलंच, आपण बिमार. इंजिन ठणठणीत, पण कंप्युटर म्हंते नाई, बिमारच. मंग लॅपटॉपवाला येईन, वायर लावन, तिची नाडी पाहीन, दिवा इझवन, तवा पळन. अन् ही जुनी? हिले दिवाच नाई, तं लागन काय. बोनट उघडा, इंजिनच्या दोन्ही आंगानं खालची माती दिसते, कोपरापर्यंत हात जाते. पंप सारा लोखंडाचा, दट्ट्यानं डिझेल ढकलते. एकदा चालू झाली का ब्याटरी काढून घरी न्या, हिले पत्ता लागत नाई. तिले डिझेल पाह्यजे अन् डिझेलात हवा नाई पाह्यजे, बस. हवेचा बुडबुडा नळीत शिरला का मंग जागच्या जागी बसते, रुसल्या जवायावानी. तवा काय कराचं? फिल्टरवरचा एक बारका बोल्ट ढिल्ला कराचा, हातपंप दाबत राहाचा, फसफस फेस निंगते, फेस सरला अन् निरं डिझेल आलं का बोल्ट कसाचा. एअर काढणं म्हंतेत त्याले. मले कसं मालूम? डायवरची बाई हाये मी, भाऊ.

धोका देल्ला का म्हणता ना—त्या एअरचंच सांगतो. ब्याण्णव का त्र्याण्णव साल असन. केंद्रावर एक नवी नर्सबाई आली. मूल गावची पोट्टी, धानाच्या बांध्या पाह्यलेली, असं जंगल नाई पाह्यलेली. हप्त्यातून दोनदा लसीचा डब्बा घेऊन गावागावाले जाचं, गाडी हीच, अन् डायवर हाच आमचा बुढा, गुणवंत, तवा जवान. पहिल्या महिन्यात ते त्याले भाऊ म्हणे, दुसऱ्या महिन्यापासून डायवरसाहेब म्हणाले लागली. आता पाहा, जाताना गाडी कधी बंद पडे का? कधीच नाई. डब्ब्यात लस, गावात लेकरं वाट पाहून राह्यले—सीधी जाये. येताना पडे. डब्बा रिकामा, कोणी बिमार नाई, काई घाई नाई, अन् हा नाल्यावर पाणी भराच्या निमतानं उतरे, बोल्ट जरासा ढिल्ला करून ठेवे, मंग शंभर पावलं चालली का गाडी दोनदा खोकले अन् बसे. गाडीनं एअर धरली सिस्टर, म्हणे. अर्धा अर्धा घंटा बोनटात डोक्सं घालून खाटखूट करे अन् बोलत राहे—मायचं सांगे, नवव्या वर्गात गणितात नापास झाला ते सांगे, वाघानं रस्ता अडवला तं दोन घंटे गाडीत गाणे म्हणत बसला ते सांगे. एक खेप तं शिटाखालून चिवडा काढला अन् दोन गिलास. एअर धरन हे मालूम असल्याबिगर कोणता माणूस दोन गिलास घेऊन निंगते? नर्सबाई काई बावळी नव्हती. त्याच दिवशी समजली. मंग बोलली का? नाई बोलली. काऊन म्हणता? अवो, तिले तरी खोलीवर जाऊन काय कराचं होतं एकटीले. पुढच्या खेपेस गाडी कुठीच थांबली नाई, सीधी केंद्रावर आली, तं दोन दिवस तिले जेवण गोड लागलं नाई—आता तिचं तिले मालूम, मी काय सांगू.

मंग पोळ्याच्या आठ दिवस अगुदरची गोष्ट. दुपारची येळ, झड लागलेली, रस्ता मंजे निरा चिखल. गाडीत मांगं रुखमा, आतल्या गावची, पहिलटकरीण, कळा सुरू झालेल्या, सोबत तिची सासू ठमाबाई. अन् त्याच नाल्याच्या अलीकडं गाडी खोकली. एकदा, दोनदा. बसली. हा उतरला, बोनट उघडला, वापस आला, म्हणे सिस्टर, एअर धरली. तं मी त्याच्या अश्शी कानाखाली हानली—मंजे तिनं. नर्सबाईनं.

हसून राह्यले काऊन? बरं, हसा. मीच ते. केस पांढरे झाले तं काय मी कधी नर्स नव्हती का. तीस वर्स नोकरी केली म्या.

तं हानली. म्हणलं, सोंग हाये हे तुमचं, डायवरसाहेब, मांगं दोन जीव हायेत. तो गालाले हात लावून उभा, वरून पाणी. म्हणे, अगुदरच्या साऱ्या मी केल्या, सिस्टर. ही मी नाई केली. अन् खरंच नव्हती केली त्यानं. बोल्ट दाखवला मले तळहातावर. सारखा ढिल्ला कर, कस, ढिल्ला कर, कस—आटे साफ झिजले होते. कसला तरी बसेच नाई, बाजूनं डिझेल गळे अन् हवा आत जाये. खोट्या एअरीनं खरी एअर आणली, भाऊ.

माह्याजवळ कुठी टाईम होता त्याच्यावर रागवाले. मांगून ठमाबाई वरडली, मी गेली तं पोराचं डोक्सं दिसून राह्यलं. बाळंतपणाच्या सामानाची थैली फोडली—एक साबणाची वडी, एक ब्लेड, अन् नाळ बांधाचा दोरा, हातभर. तेवढ्यात हा समोरून विचारते, सिस्टर, दोरा हाये का? साबण हाये का? कायले तं म्हणे आट्यावर गुंडाळतो, वरून साबण चोळतो, केंद्रापर्यंत टिकन. आता इचार करा. हातभर दोरा. नाळेले दोन गाठी लागतेत, एक पोराकडून, एक मायकडून, त्याच्यात कमी-जास्त चालत नाई. मी अगुदर दोन तुकडे माह्यासाठी कापले, ते दातात धरले, अन् राह्यला तो वीतभर तुकडा अन् साबणाची अर्धी वडी ठमाबाईच्या हाती समोर पाठवली. मंग त्या बुढीनं लुगड्याचा पदर धरून आडोसा केला, अन् तो तिकडं, मी इकडं. पोट्टी झाली. रडली नाई. तोंड पुसलं, पाठ चोळली, तळपायाले टिचक्या मारल्या, अन् हे नाई रडली. मी मोजत होती मनात. किती मोजलं ते आता नाई सांगता येत. मंग एक बारीकसा आवाज आला, मांजराच्या पिलावानी, मंग मोठा झाला. पण रुखमाचं रगत थांबेना, वार पडली नव्हती, तिले केंद्रावर नेणं जरूर होतं. अन् ब्याटरी उतरलेली, सेल मारून मारून. तवा ठमाबाई अन् मी, दोघी चिखलात उतरलो अन् धक्का मारला. ते साठीची बुढी, मी कायची पहिलवान. एक खेप गेली. दुसरी गेली. तिसऱ्या खेपेस इंजिन चालू झालं. हा केंद्रापर्यंत नुसता इंजिनचा आवाज आयकत गेला.

वाचल्या, दोघीही वाचल्या. पण आमचा डायवर? दुसऱ्या दिवशी चाबी डाक्टरसाहेबाच्या टेबलावर ठेवली, म्हणे मले चौकीदार करा, मी गाडीले हात नाई लावत. साहेबाले काई समजेना. कोणाले समजन? समजणारी मी एकटी. सारे म्हणत, गाडी जुनी हाये, तिचाच दोष. अन् मी रात्रंदिवस एकच इचार करे—याचा गुन्हा हाये, पण मले मालूम होतं ना. त्या दोन गिलासच्या दिवशीच मी म्हणली असती का डायवरसाहेब, बोलाचं असन तं सीधं बोला, बोल्टाले काऊन त्रास देता—तं आटे झिजलेच नसते. चूप कोण राह्यलं? मीच राह्यली. आवडत होतं म्हणून राह्यली. हे मी अजून बुढ्याले नाई सांगतलं. त्याले वाटते मले रुखमाच्या दिवशीच समजलं. तीस वर्स झाले, मनात एकटाच गुन्हेगार होऊन बसला हाये, अन् मी बसू देल्लं. हे तुमाले काऊन सांगून राह्यली मी? तुमी तं गाडी पाहाले आले.

चाबी मीच नेऊन देल्ली मंग त्याच्या घरी. त्याच्या मायच्या समोर त्याच्या हातात ठेवली, म्हणलं नवा बोल्ट आणला हाये गडचिरोलीहून, लावा, अन् आता काई सांगाचं असन तं गाडी चालू ठेवून सांगा. त्याची माय मले पाहे, त्याले पाहे. पुढच्या उन्हाळ्यात विहारात लगन झालं. पुढं गाडी लिलावात निंगाली तवा यानं घेऊन टाकली. आता डोळ्यात मोतीबिंदू, पोट्टे म्हंतेत चालवाची नाई. तं हा म्हंते उभ्या उभ्या गंजण्यापेक्षा इकून टाकू. म्हंते, अन् गिऱ्हाईक आलं का कटिंगले पळते.

तं भाऊ, भरवशाचं विचारता तं खरं सांगतो. पोटुशी बाईले मी डोळे झाकून नव्या गाडीत बसवीन. दिवा लागन, हळू चालन, पण बाईले आणून सोडन. अन् दुसरं मंजे तिच्यात डायवरले खोटं बोलता येत नाई—कुठी थांबला, किती थांबला, कायच्यानं थांबला, सारं ते कंप्युटर लिहून ठेवते. या जुनीत इंजिन काई बोलत नाई, जो चालवन तो सांगन ते खरं. पाह्यले ऐब? सांगतले ना साफ साफ? मंग तुमचे डोळे काऊन असे चमकून राह्यले? मी ऐब सांगून राह्यली अन् तुमी तं उठून तिच्या बोनटावरून हात फिरवून राह्यले. तसं नोका करू, भाऊ. बसा खाली.

थांबा. आला वाट्टे बुढा.

—या. हे नागपूरचे पाहुणे. हो, पाह्यली त्याइनं, सारी पाह्यली. सांगतलं मी, धोका नाई देल्ला म्हणून. नाई वो, त्याइले नाई जमत म्हंतेत. घरी ठेवाले जागा लहान पडते. हो ना भाऊ?—पाह्यलं, मान हालवली त्याइनं. आता आग्रह नोका करू तुमी, नाई म्हंतेत तं नाई. अन् तोंड असं काऊन केलं, दुसरा येईन कोणी. जा, हातपाय धुवा.

निंगा तुमी भाऊ. पुढं खदानीचे ट्रक लागतेत रस्त्याले, उजेड हाये तवर मोठा रोड धरा. अन् फाटक लावून घेजा, बकऱ्या शिरतेत.