आप्पांच्या खाटेला टेकवलेली पेटी

आमच्या आप्पांना, म्हणजे सासऱ्यांना, पुन्हा भजन ऐकू आलं तर वर्षभर संकष्टी धरीन, असा नवस मी गणपतीला बोलले होते बघ, सुमन. जन्मभर बोरगावच्या भजनात मृदंग वाजवलेला माणूस, आणि कान गेल्यापासून भिंतीकडं तोंड करून पडून असायचा. बेळगावच्या डॉक्टरांनीही हात टेकले होते.

त्यात धाकट्या दिरांनी टेपला जोडायला वूफरची ही एवढी मोठी लाकडी पेटी आणली, जाड आवाज काढणारी. कोपऱ्यात ठेवली, तर फळीवरची भांडी नाचायला लागली. देव्हाऱ्याशेजारी ठेवली, तर समईची ज्योत थरथरली. मी म्हटलं, "भाऊजी, इथं न्हाय हं." शेवटी कंटाळून त्यांनी ती आप्पांच्या खाटेला टेकवली आणि भजनाची कॅसेट लावली.

आप्पा दचकून उठले. दोन्ही तळवे खाटेच्या लाकडावर ठेवून म्हणाले, "मृदंग कोण वाजवतंय रं? लई घाई करतंय!"

मी तिथंच हात जोडले. दीर हसले, "वैनी, हे ऐकू येणं न्हवं. नुसती खाट हादरतीया."

"हादरू दे की. आप्पांस्नी ताल कळला न्हवं?"

त्या महिन्यापासून मी संकष्टी धरली.

तुझ्या सासूबाईंनाही आता ऐकू येत नाही म्हणतेस. आज घरी जाऊन तूही देवाला सांग, सुमन. आणि उद्या ही पेटी घेऊन जा, त्यांच्या खाटेला लावून बघ.