आधी रिमोट बंद केला

दवाखान्यात तापाने फणफणलेल्या बाळाला मांडीवर घेऊन मी बसले होते. शेजारी लूमवरचा, म्हणजे यंत्रमागावरचा, एक कामगार, बोटांना रक्ताळलेला टॉवेल गुंडाळून, आणि त्याची बायको. ती त्याला विचारत होती.

“ते रिमोटवरचं खेळण्यातलं विमान तर उतरलं हुतं म्हणता. मग बोटं कशी कापली?”

“मी आधी रिमोट बंद केला. लूमवर आधी मेन स्विच पाडतो, तसं.”

“मग?”

“बॅटरी काढाया विमान धरलं, तर पंखाच फिरला. रिमोट शेवटी बंद करायचा असतो, न्हायतर पंखा आपसूक फिरतो. दुकानदार म्हणला हुता.”

“आता तुटल्या सुताच्या गाठी कशा मारणार, अवो?”

“बघू.”

“उडालं तरी का?”

“उडालं की. लिंबाच्या लई वर.”

“मग मला हाक मारायची न्हाय व्हय?”

“पडलं असतं तर हसली असतीस.”

“हसले असते की. हितं बसण्यापरीस बरं.”