दवाखान्याच्या काट्यातील शिशाचा तुकडा

मी खाली सही करणारा, वय ५१ वर्षे, शिक्षण भौतिकशास्त्रातील पदव्युत्तर पदवी, व्यवसाय नोकरी, वजने व मापे निरीक्षक, राहणार कर्मचारी वसाहत, इमारत क्रमांक तीन, दुसरा मजला, पत्नीसह. आज सकाळी दहा वाजता कोणीही न बोलावता ठाण्यात समक्ष हजर राहून जबाब देतो की,

काटे तपासून त्यांवर सील ठोकण्याचे काम मी सव्वीस वर्षे करीत आहे. शिसे चिकटवून काटामारी करणाऱ्यांची मी कधी गय केलेली नाही. गेल्या वर्षी माझे वजन १०४ किलो होते. माझी पाठ वळताच एक किराणा दुकानदार म्हणाला, "साहेबांना आधी त्यांच्याच काट्यावर चढवा." गिऱ्हाइके हसली. मी परत फिरून त्याचा काटा जप्त केला. काट्यात दोष होता; मात्र तो समज देऊन भागण्याजोगा होता.

त्यानंतर चौकातील दवाखान्याच्या डॉक्टरांनी मला भूक मारणाऱ्या गोळ्या लिहून दिल्या. अट अशी की, दर पंधरा दिवसांनी त्यांच्या काट्यावर वजन करायचे व ते ८० वर आले की गोळ्या बंद. तोंड कोरडे पडे, छाती धडधडे, झोप उडाली. परंतु भूक गेली. मी ताटातले तसेच टाकून उठू लागलो. पत्नीने विचारले, "अहो, भरल्या ताटावरून उठवतं तरी कसं तुम्हाला?" मी "संयम लागतो" असे उत्तर दिले. कार्यालयात ज्याला सगळे 'भोपळा' म्हणतात, त्या सहकाऱ्याला मी चारचौघांत "जिभेला कुलूप नसलं की पट्ट्याला भोकं पाडत बसावं लागतं" असे ऐकवले. गोळ्या मी तपासणीच्या वजनांच्या पेटीत, वीस ग्रॅमच्या खोबणीत ठेवीत असे. ती पेटी माझ्याशिवाय कोणी उघडत नाही.

गेल्या महिन्याच्या चार तारखेला माझे वजन ८१ भरले. डॉक्टर म्हणाले, "पुढच्या खेपेला गोळ्यांचा निरोप समारंभ." गोळीवाचून जेवायला बसण्याची मला भीती वाटली. याहून मोठे कारण माझ्यापाशी नाही.

आठ तारखेला त्याच दवाखान्याच्या काट्याची वार्षिक तपासणी होती. काटा उभ्या दांडीचा, सरकत्या वजनांचा आहे. नर्सबाई, वय अंदाजे पन्नास, आतल्या खोलीत पट्टी बांधत असताना मी मागचे झाकण उघडून आतील तरफेला शिशाचा तुकडा बांधला. त्यामुळे काटा प्रत्येकाचे वजन चार किलो जास्त दाखवू लागला. झाकणावर मी माझे सील ठोकले. नर्सबाई चहा घेऊन आल्या व म्हणाल्या, "साहेब, तुम्ही आलात की काटासुद्धा पोट आत घेऊन उभा राहतो बघा." मी चहा घेतला.

त्या काट्यावर लहान मुलांचेही वजन होते, हे मला ठाऊक होते. त्या वेळी ते मनात आले नाही, असे मी लिहून देऊ शकत नाही.

अठरा तारखेला माझे वजन ८४ भरले व गोळ्या पुढे चालू राहिल्या. नर्सबाई म्हणाल्या, "या आठवड्यात सगळेच जाड होऊन येताहेत." मी हसलो.

एकोणीस तारखेला आकडी येणाऱ्या तीन वर्षांच्या मुलीचे वजन सोळा किलो भरले. तिची आई म्हणाली, "सिस्टर, मागच्या वेळी बाराच होतं की." नर्सबाई म्हणाल्या, "ताई, सील बघा, ताजं आहे. काटा खोटं नाही बोलणार." हे मला नंतर नर्सबाईंनीच सांगितले. औषध वजनाच्या हिशोबाने दिले गेले. मुलगी दोन दिवस जागी झाली नाही. आता ती घरी आहे.

आपल्या ठाण्याने काटा तपासून मागितला. काम माझ्याकडेच आले. तेवीस तारखेला मी एकटा गेलो, तुकडा काढून खिशात टाकला, नवे सील ठोकले व "काटा अचूक, वाचनात चूक झाली असावी" असा अहवाल दिला. त्यावरून नर्सबाईंवर हलगर्जीपणाचा गुन्हा दाखल झाला व त्यांची नोकरी गेली. तो अहवाल खोटा आहे.

काल सायंकाळी पाच वाजता नर्सबाई माझ्या कार्यालयाच्या जिन्यात माझी वाट पाहत होत्या. डोळ्यांवर नवा चष्मा होता. म्हणाल्या, "डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, नंबर नाही. पण तुम्ही तपासलंत म्हणजे चूक माझीच, साहेब. म्हणून हट्टाने करून घेतला. मला एकदा काटा वाचून दाखवाल का, कुठं चुकले ते?" मी "उद्या अकराला या" असे म्हणालो. आता पावणेअकरा झाले आहेत. त्या वेळेच्या पक्क्या आहेत. त्यांना जिना चढू न देता इकडे बोलवावे.

शिशाचा तुकडा व उरलेल्या अकरा गोळ्या पेटीसह हजर करीत आहे. माझ्या पत्नीस यातील काही माहीत नाही.

हा जबाब हवालदारांनी मला सावकाश वाचून दाखवला. त्यात माझ्या हुद्द्याचा मान राखून त्यांनी एके ठिकाणी 'अनवधानाने' असे लिहिले होते. तो शब्द माझ्या सांगण्यावरून खोडला असून तेथे माझी सही आहे. बाकी मजकूर मी सांगितला तसाच व खरा आहे.